गडावरची कॉफी आणि परतीच्या सॅकमधला चोथा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

ट्रेकिंग आणि कॅम्पिंगला जाताना कोणती कॉफी सोबत न्यावी, याविषयीचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. डोंगरावर मिळेल ते तपकिरी गरम पाणी कॉफी म्हणून पिण्याचे दिवस मागे पडून तरुण मंडळी आता चवीचा विचार करू लागली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र लेखात चव आणि सोय या दोनच गोष्टी तोलल्या गेल्या आणि एकेका कपाच्या चकचकीत पाकिटांची शिफारस करून तो संपला. गेली सुमारे तीस वर्षे मी सह्याद्रीत हिंडत आहे आणि कॉफीवाचून माझी सकाळ उजाडत नसल्याने ती करण्याच्या बहुतेक पद्धती गडांवर करून पाहिल्या आहेत. त्या अनुभवावरून मला ठामपणे असे वाटते की, कॉफी पिऊन झाल्यावर हातात काय उरते, ते कुठे जाते आणि ती करण्यासाठी गडावरचे पाणी व आपले इंधन किती खर्ची पडते, हे ट्रेकची कॉफी निवडताना सर्वांत आधी पाहावे. चवीचा प्रश्न त्यानंतर घेतला तरी चालतो, आणि मग त्याचे उत्तरही सोपे होते.

उरणाऱ्या वस्तूंपासूनच सुरुवात करतो. कॉफीची छोटी पुडी आपण फाडतो तेव्हा तिचे दोन तुकडे होतात. मोठा तुकडा बहुतेक जण खिशात ठेवतात, निदान ठेवण्याचे मनात तरी असते. नखाएवढा कोपरा मात्र वाऱ्यावर उडतो किंवा अंधारात बोटांतून निसटतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. गडांवरच्या ज्या ज्या स्वच्छता मोहिमांना मी गेलो, तिथे पाण्याच्या बाटल्या पहिल्या तासाभरात गोळा झाल्या आणि उरलेला दिवस हे कोपरे वेचण्यात गेला, कारण ते दगडी पायऱ्यांच्या सांध्यांत, गवताच्या मुळाशी आणि टाक्यांच्या काठच्या चिखलात रुतून बसलेले असतात. पुडीचे वेष्टन कागदासारखे दिसले तरी ते बहुधा प्लास्टिकचे पापुद्रे आणि धातूचा अतिशय पातळ थर एकमेकांना चिकटवून केलेले असते. त्यामुळे ओल आणि हवा आत शिरत नाही हे खरे, पण त्यामुळेच हे थर पुन्हा सुटे करणे जिकिरीचे होते आणि भंगारवालाही ते घेत नाही. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आणली, १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली आणि त्या यादीत कप, चमचे व ढवळण्याच्या काड्या आल्या. कॉफीच्या पुड्यांचा त्या यादीत समावेश नाही. म्हणून त्या गडावर न्यायच्या की नाहीत, हे आपले आपणच ठरवायचे आहे.

लेखात विशेष स्तुती होती ती ड्रिप बॅगची, म्हणजे पुठ्ठ्याचे दोन कान कपाच्या काठांवर अडकवून वरून पाणी ओतायच्या पिशवीची. ही कॉफी चवीला खरोखर चांगली लागते. एका पिशवीत दहा-बारा ग्रॅम दळलेली कॉफी असते आणि दीडशे-पावणेदोनशे मिलिलिटर पाणी हळूहळू ओतले की घरच्यासारखा कप मिळतो. पण प्रत्येक कपामागे बाहेरचे पाकीट, फाडलेली पट्टी, पुठ्ठ्याचे कान आणि ओल्या चोथ्याने फुगलेली पिशवी एवढा ऐवज उरतो. ती पिशवी पुष्कळदा कागदाची नसून कृत्रिम धाग्यांच्या न विणलेल्या कापडाची असते, त्यामुळे मातीत पुरली की कुजून जाईल ही समजूत तिच्याबाबतीत खोटी ठरते. चौघांनी दोन दिवसांत तीन-तीन कप घेतले तर अशा बारा ओल्या पिशव्या आणि बारा पाकिटे सॅकमधून खाली आणावी लागतात. ती आणण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांनी ती जरूर न्यावीत. गुहेच्या कोपऱ्यात मला जे दिसते त्यावरून अशी तयारी सर्वांची असते असे वाटत नाही.

आता निवडीकडे येतो, आणि ती ऋतूप्रमाणे करावी असे माझे मत आहे. जून ते सप्टेंबर या काळात, जेव्हा सॅकमधला टॉवेलसुद्धा दोन दिवस वाळत नाही, तेव्हा साधी विरघळणारी इन्स्टंट कॉफी न्यावी. तिला कमी लेखण्याची आजकाल पद्धत पडली आहे, ती मला अन्यायाची वाटते. एका कपाला दोन ग्रॅम पुरते, म्हणजे वरच्या हिशेबातल्या बारा कपांना जेमतेम चोवीस ग्रॅम. चोथा उरत नाही, गाळणी धुवावी लागत नाही, पाणी फक्त पिण्यापुरते लागते. इन्स्टंट कॉफी दोन रीतींनी वाळवली जाते. गरम हवेत फवारून वाळवलेली पावडर बारीक व स्वस्त असते. गोठवून निर्वात स्थितीत वाळवलेली कॉफी खड्यांच्या रूपात येते, महाग पडते, पण तिच्यात सुवास अधिक टिकतो. ट्रेकला लागणारे प्रमाण इतके थोडे असते की, या ठिकाणी चार पैसे जास्त मोजणे परवडते.

विकत घेताना वेष्टनावरची बारीक अक्षरे मात्र वाचावीत. आपल्याकडे पुष्कळशा इन्स्टंट कॉफीत चिकोरी मिसळलेली असते. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार अशा मिश्रणात कॉफीचे प्रमाण वजनाने किमान ५१ टक्के असावे लागते आणि दोन्हींचे प्रमाण वेष्टनावर छापावे लागते. चिकोरी म्हणजे भाजून दळलेले मूळ. तिने रंग आणि दाटपणा येतो, पण तिच्यात कॅफीन अजिबात नसते. पहाटे चारला उठून चढाईला लागायचे असेल तर शुद्ध कॉफी घ्यावी. मुक्कामाच्या रात्री गप्पा मारताना मात्र चिकोरीचे मिश्रण बरे, कारण पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात आणि दुसऱ्या दिवशीच्या कड्याच्या वाटेवर झोप न झालेली पावले चुकतात. आमच्या गटात मी या दोन कॉफींच्या दोन वेगळ्या डब्या ठेवतो आणि त्यांची झाकणे वेगळ्या रंगांची निवडतो.

डबीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण पावसाळी ट्रेकमध्ये कॉफी बिघडते ती बहुधा डबीमुळे. इन्स्टंट कॉफी हवेतली ओल झपाट्याने शोषते. ओल्या चमच्याने एकदा काढली तरी संध्याकाळपर्यंत चिकट होते आणि सकाळी तिचा असा काही दगड झालेला असतो की सुरीच्या टोकाने तो फोडावा लागतो. पूर्वी आम्ही कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डब्यांतून मीठ, तिखट आणि कॉफी नेत असू. आता रबरी कडी असलेली आणि आटे पक्के बसणारी स्टीलची लहान डबी मिळते. घरून निघताना ती पूर्ण कोरडी करून, दोन दिवसांना पुरेल एवढीच कॉफी भरून, डबी जाड पिशवीत बांधून सॅकच्या मध्यभागी कपड्यांत ठेवावी. चमच्याऐवजी डबी तिरकी करून झाकणात कॉफी घ्यावी आणि मग कपात टाकावी. मोठ्या बरणीतली कॉफी डबीत भरून नेण्याचा हा साधा उद्योग दहा मिनिटांचा आहे, आणि त्यातून पुड्यांचा प्रश्न मुळातच संपतो.

दूध, साखर आणि कॉफी एकत्र असलेली मिश्रणेही पुष्कळ जण नेतात. त्यांत सर्वांत जास्त असते ती साखर आणि सर्वांत कमी कॉफी, त्यामुळे कपागणिक वजन सात-आठपट होते. त्यापेक्षा दुधाची पावडर वेगळी न्यावी, ती आधी साखरेसह थोड्या कोमट पाण्यात कालवून घ्यावी आणि मग त्यावर गरम कॉफी ओतावी, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. पायथ्याच्या गावातून पिशवीतले दूध वर नेऊन पातेल्यात तापवण्याच्या मात्र मी विरोधात आहे, कारण तळाला लागलेले दूध घासायला टाक्यातले तांब्या-दोन तांबे पाणी जाते. एक जायफळ मात्र मी नेहमी खिशात ठेवतो. आपल्या घरांतल्या कॉफीला जी जायफळाची सवय आहे ती गडावर का सोडावी? सुरीच्या पात्याने त्याचे दोन कीस कपात पाडले की पावडरीच्या दुधाचा वासही झाकला जातो.

हिवाळ्याची गोष्ट वेगळी. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात हवा कोरडी असते, सकाळी घाई नसते आणि दळलेली खरी कॉफी करण्यासारखे सुख नसते. तिच्यासाठी महाग यंत्राची गरज नाही. माटुंग्याच्या जुन्या दुकानांतून किंवा आपापल्या शहरातल्या भाजणाऱ्याकडून ट्रेकच्या आदल्या दिवशी ताजी कॉफी दळून घ्यावी, आणि दळण रवाळ मागावे. तिथे चिकोरी किती टक्के घालू असा प्रश्न येईल, तेव्हा नको म्हणून सांगावे. कर्नाटकातील चिकमगळूर आणि कोडगूची कॉफी आपल्याकडे सहज मिळते. आपल्या अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्यालाही कॉफीची लागवड आहे, हे अनेकांना ठाऊक नसते.

पातेल्यातल्या कॉफीची रीत अशी. अर्धा लिटर पाणी खळखळून उकळावे. टाक्यातले पाणी आधी कापडातून गाळून मग मिनिटभर चांगले उकळलेच पाहिजे, मग ते कॉफीसाठी असो वा नुसते पिण्यासाठी, त्यामुळे पाणी निर्धोक करणे आणि कॉफीचे आधण ठेवणे ही दोन्ही कामे एकाच इंधनात होतात. भांडे खाली उतरवून अर्धा मिनिट थांबावे, तीस-पस्तीस ग्रॅम कॉफी टाकून एकदा ढवळावे आणि चार मिनिटे झाकून ठेवावे. शेवटी उकळून गार केलेल्या पाण्याचा एक हबका वरून मारला की चोथा तळाशी बसतो. मग हलक्या हाताने मलमलच्या घडीतून गाळावे. कॉफी पाण्यात घालून उकळत ठेवली तर ती कडू होते. गडावरच्या कॉफीविषयीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या एका चुकीत आहे.

उंचीवर पाणी लवकर उकळत असल्याने कॉफी नीट उतरत नाही, असे लेखात म्हटले होते. सह्याद्रीपुरती ही चिंता अनाठायी आहे. साधारण दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू एक अंशाने उतरतो. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे, म्हणजे तिथे पाणी साडेचौऱ्याण्णव अंशांच्या आसपास उकळते, आणि कॉफी उतरायला नव्वद ते शहाण्णव अंश हेच योग्य तापमान मानतात. हिमाचलमधील सार पाससारख्या ४२०० मीटरच्या आसपासच्या वाटेवर मात्र हा आकडा शहाऐंशीपर्यंत खाली येतो. तिथे दळण थोडे बारीक घ्यावे आणि कॉफी अधिक वेळ मुरू द्यावी, किंवा सरळ इन्स्टंट वापरावी. गॅसचे डबे विमानातून किंवा रेल्वेतून नेता येत नाहीत, त्यामुळे तिकडे जाणाऱ्यांनी इंधनाची सोय तिथे पोचल्यावर करावी.

दळलेल्या कॉफीचा जो भाग लेखात एका शब्दानेही आला नाही तो म्हणजे चोथा, आणि माझ्या या पत्राचे खरे कारण तोच आहे. बारा कपांना सुमारे १४४ ग्रॅम कोरडी कॉफी लागते. ती भिजल्यावर स्वतःच्या दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणजे उतरताना आपल्याकडे चारशे ग्रॅमहून अधिक ओला चोथा असतो. कापडात घट्ट पिळून घेतला तर तो बराच हलका होतो. तो परत आणायचा नसेल तर ही कॉफी नेऊ नये. चोथा कुजतो, मग तो झाडाखाली टाकला तर बिघडले काय, असे मला अनेकदा विचारले जाते. घरच्या कुंडीत तो जरूर टाकावा. गडावर मात्र माती थोडी आणि माणसे फार, आणि कातळावर किंवा गुहेच्या जमिनीवर टाकलेला चोथा महिनोन् महिने तसाच राहतो. याहून गंभीर गोष्ट टाक्यांची आहे. खडकात कोरलेली ही टाकी पावसाच्या आणि झिरपणाऱ्या पाण्यावर भरतात आणि हिवाळा-उन्हाळ्यात त्यांत नवे पाणी जवळजवळ येत नाही. अशा पाण्यात गाळणी किंवा पातेले बुडवून विसळले की त्यातला चोथा, दूध आणि साखर तळाशी साचून सडते, आणि पुढे येणारा प्रत्येक जण, गडावर गुरे घेऊन येणारा गुराखीसुद्धा, तेच पाणी पितो. भांडे धुवायचे असेल तर पाणी तांब्यात काढून टाक्यापासून दूर जाऊन, आणि तेही आधी चोथा पुसून काढून, धुवावे. मी पातेले वाळलेल्या गवताच्या चिमटीने पुसतो आणि धुणे घरी करतो.

एकदा हरिश्चंद्रगडावर पहाटे पाणी भरायला गेलो तेव्हा टाक्याच्या पायरीवर कोणी तरी नुकतीच विसळलेली कॉफीची गाळणी वाळत ठेवली होती आणि काठाशी तपकिरी साय तरंगत होती. ती मंडळी चांगली होती, आदल्या रात्री आमच्यातल्या एकाच्या मुरगळलेल्या पायाला त्यांनीच पट्टी बांधली होती. त्यांना हे कोणी सांगितले नव्हते, इतकेच.

इंधनाविषयी. हरिश्चंद्रगड आणि कळसूबाईचा परिसर अभयारण्यात येतो, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने विस्तव पेटवण्यास मनाई करतो. फेब्रुवारीपासून मेपर्यंत वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते आणि वणवा डोंगरभर पसरतो. तेव्हा कॉफीसाठी तीन दगडांची चूल मांडू नये; लहान गॅसची शेगडी न्यावी, खालचे गवत बाजूला करून ती कातळावर ठेवावी. एक लिटर पाणी उकळायला साधारण पंधरा ग्रॅम गॅस लागतो, वारा असेल तर पुष्कळ जास्त. वारा अडवताना डब्यावर बसणारी शेगडी चारही बाजूंनी बंद करू नये, कारण डबा तापून फुटण्याचा धोका असतो, आणि तंबूच्या आत तर ती कधीही पेटवू नये, कारण साचणारा कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही. मुक्कामाला आणि शेगडीला परवानगी आहे का, हे वनखात्याकडे आधी विचारून घ्यावे.

वणव्याच्या दिवसांत मी आगीशिवायची कॉफी करतो. घरूनच उकळून गार केलेल्या अर्ध्या लिटर पाण्याच्या बाटलीत, रात्री झोपताना, चाळीस ग्रॅम रवाळ कॉफी मलमलच्या पुरचुंडीत बांधून सोडायची आणि सकाळी पुरचुंडी पिळून बाहेर काढायची. ही कॉफी थंड असते, पण कमी आंबट व मऊ लागते, आणि चोथा आपोआप कापडात बांधलेला मिळतो. ती सकाळीच संपवावी. उन्हात ठेवून दुपारी पिऊ नये.

ॲलन ॲडलर यांनी २००५ मध्ये बाजारात आणलेला एअरोप्रेस, म्हणजे हाताने दट्ट्या दाबून कॉफी गाळायचे नळकांडे, हलका आहे आणि त्यातून चोथ्याची कोरडी चकती निघते, हा त्याचा मोठा गुण. ज्याच्याकडे आहे त्याने जरूर न्यावा. शेगडीवर ठेवून वाफेच्या दाबाने कॉफी करायचे भांडे, म्हणजे मोका पॉट, आणि आपला दक्षिणी स्टीलचा फिल्टर मात्र गाडीने जाऊन तंबू ठोकायच्या जागी बरे, पाठीवर वाहून नेण्याजोगे नाहीत.

शेवटी दोन विनंत्या. पवना आणि भंडारदऱ्याच्या काठी तंबूंची सोय करणाऱ्या व्यावसायिकांनी पाहुण्यांच्या हाती पुडी आणि कागदी कप देणे थांबवावे. त्या कागदी कपाला आतून बहुधा प्लास्टिकचा पातळ लेप असतो. एका मोठ्या भांड्यात कॉफी करून ती स्टीलच्या पेल्यांतून देणे त्यांना स्वस्तच पडेल. दुसरी विनंती आपल्याला. ट्रेकच्या सामानाविषयीचा पुढचा लेख छापताना प्रत्येक वस्तूच्या किमतीशेजारी तिचे जातानाचे वजन आणि येतानाचे वजन, असे दोन आकडे द्यावेत. कॉफीपुरते ते आकडे मी वर दिले आहेत. आणि बारी, पाचनई किंवा गुंजवणे यांपैकी कोणत्याही गावातून वाट धरली तरी पायथ्याच्या घरी पहाटेचा चहा घेऊनच निघावे. त्या घराला चार पैसे मिळतात आणि वर न्यायच्या कॉफीतला एक कप कमी होतो.

आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे